गाडीसाठी लाकडी शेड स्वतः करायचंय? लाकूड नंतर घ्या, आधी खड्डा खणा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला दादा. थोडक्यात असा आहे की जुळे सोलापुरात घर, घराच्या पश्चिमेला कंपाउंडपर्यंत तेरा बाय बावीस फुटाची मोकळी पट्टी, चार मीटरच्या आतली गाडी, खाली काळी माती, आणि तुम्हाला स्वतःच्या हाताने लाकडी शेड उभं करायचंय, चार खांब आणि वर पत्रा, तेही सलग चार सुट्ट्यांत. लाकूड कुठलं घेऊ असं विचारलंय, आणि वडील म्हणतायत लोखंडाचंच कर.

मी बावीस वर्षं सुतारकाम आणि शेडची कामं करतोय. माझे वडील गावातल्या पेठांमधली माळवदं (मातीची सपाट छपरं) दुरुस्त करायचे, मी त्यांच्या हाताखाली शिकलो. त्यामुळे लाकडाला मी नाही म्हणणार नाही. पण लाकूड कुठलं हा तिसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हे शेड वाऱ्यात जाग्यावर राहील का, दुसरा खांबाचा पाय काळ्या मातीत आणि वाळवीत टिकेल का. हे दोन सुटले तर साध्या लाकडाचं शेडपण वीस वर्षं चालतं, नाही सुटले तर बर्मा टीक लावा, तरी उपयोग नाही.

आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरात कधी खांबाचा पाय बघितलाय का? लाकडी खांब कधीच जमिनीत गाडलेला नसतो, खाली घडीव दगडाचा तळखडा असतो आणि त्यावर खांब नुसता उभा. ना बोल्ट ना खिळा. तरी शंभर वर्षं हलत नाही, कारण वर तुळया, त्यावर लाकडी पट्ट्यांचं किलचन आणि त्यावर फूट-दीड फूट माती, एकेका खणावर टनांनी वजन. ते वजनच खांबाला खाली दाबून ठेवतं. आता तुमचं शेड बघा, खांब तसेच, तुळया तशाच, पण डोक्यावर अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा. वजन गायब. आणि चारी बाजूंनी उघडं, म्हणजे वारा खालून शिरतो आणि पत्र्याला वर उचलतो. म्हणून तळखड्यातून एवढंच घ्यायचं की लाकूड मातीला लागू द्यायचं नाही, पण नुसतं ठेवायचंपण नाही, पकडून ठेवायचं.

आकड्यात सांगतो म्हणजे पटेल. ताशी १०० किमीचा वारा साधारण चौरस मीटरला ४७ किलो जोर लावतो. तुमचं छप्पर १२ बाय २० फूट धरलं तर २२ चौरस मीटर, म्हणजे हजार किलोच्या आसपास ओढ वरच्या दिशेने. छोटी हॅचबॅक गाडी एवढ्याच वजनाची असते. पत्रे सगळे मिळून शंभर-एकशेदहा किलो, लाकूड चारएकशे किलो. बाकीचे पाचशे किलो कोण धरणार? जमिनीतलं काँक्रीट. हा हिशोब ढोबळ आहे, आजूबाजूला घरं दाटीने असतील तर जोर कमी लागतो, शेवटचा प्लॉट असून पलीकडे रान मोकळं असेल तर हाच धरा. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या आधी जो वारा सुटतो तो कुठल्या बाजूने येईल याचा नेम नाही हे तुम्हाला माहीतच आहे.

मी स्वतः यात तोंडघशी पडलोय. सुरुवातीच्या काळात मेहुण्याला शेड करून दिलं, घरचंच काम म्हणून एका दिवसात पट्ट्या ठोकल्या. पत्र्याला चांगले वायसरवाले स्क्रू मारले होते, पण ज्या आडव्या पट्ट्यांवर पत्रा बसतो त्या खालच्या वाशांना नुसत्या तीन इंची खिळ्यांनी ठोकल्या. मे महिन्यात संध्याकाळी वारा सुटला आणि चार पत्रे पट्ट्यांसकट उडून शेजारच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून उभे. दुसऱ्या दिवशी बघायला गेलो तर पत्र्यातला एक स्क्रू ढिला नव्हता, आणि वाशांवर खिळ्यांची नुसती भोकं, आत कणभरपण लाकूड फाटलेलं नाही, अगदी लोण्यातून सुरी काढावी तसे निघालेले. टाकीची नुकसानभरपाई मी दिली. तेव्हापासून मी शेड वरून खाली साखळीसारखं बघतो, पत्रा पट्टीला, पट्टी वाशाला, वासा तुळईला, तुळई खांबाला, खांब त्याचा पाय धरणाऱ्या लोखंडी बुटाला आणि बूट काँक्रीटला. यातली एक कडी जरी खिळ्यावर असली तरी सगळं शेड तेवढ्याच ताकदीचं.

आता खड्डा. जुळे सोलापुरात एका प्लॉटला दोन फुटावर मुरूम लागतो आणि दोन गल्ल्या सोडून पाच फूट खणलं तरी काळीच माती, त्यामुळे घरबसल्या खोली सांगता येत नाही. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, मे महिन्यात भेगांमध्ये हाताची बोटं जातात बघा. दीड फुटावर काँक्रीट ओतून ठेवलंत तर ते दर वर्षी वरखाली होणार, एक खांब अर्धा इंच वर, दुसरा खाली, मग पत्र्याचे सांधे गळायला लागतात आणि माणूस पत्र्याला शिव्या देतो. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणा आणि मुरमात अजून अर्धा फूट जा. दीड बाय दीड फुटाचा, तीन फूट खोल खड्डा काँक्रीटने भरला की एकेक साडेचारशे किलोचा होतो. असे सहा (चार नाही, का ते पुढे सांगतो) केले की वाऱ्याची काळजी मिटली. पाच फुटावरही मुरूम नाही लागला तर तळाशी खड्डा सहा-सहा इंच रुंद करून घ्या, गाजराच्या उलटा, म्हणजे तो वर ओढला जात नाही. काँक्रीट जमिनीच्या वर सहा इंच आणा, माथ्याला चारी बाजूंनी उतार द्या, आणि उपसलेली काळी माती बाजूने परत भरू नका, मुरूम भरून धुम्मस करा. १:१.५:३ च्या (सिमेंट, वाळू, खडी) मालाला सहा खड्ड्यांसाठी नऊ-दहा पोती सिमेंट लागेल, तेही तीन फूट धरून.

लोखंडी बूट फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या. सहा मिमीची पट्टी, यू आकाराची, आत तुमचा चार इंची खांब बसेल अशी, खाली चार सुती (अर्धा इंची) सळईचे दोन तुकडे वेल्ड करून टोकाला वाकवलेले, ते काँक्रीटमध्ये फूटभर जातील. यूच्या तळाला पाणी निघायला एक भोक पाडायला सांगा, हे सांगितल्याशिवाय कोणी पाडत नाही. खांब बुटात बसवताना तळाशी इंचभर फट ठेवायची, दोन आरपार बोल्ट मारायचे. त्या फटीचं काम दोन, खांबाच्या टोकाला पाणी चढत नाही, आणि वाळवीला वर जायचं असेल तर काँक्रीटवरून आणि लोखंडावरून मातीची नळी बांधत जावं लागतं, ती तुम्हाला दिसते. दिसली की झाडू मारायचा. खांब थेट मातीत गाडून वरून डांबर फासणं किंवा जळकं ऑइल ओतणं याच्या नादी लागू नका, डांबराला बारीक चीर पडली की वाळवी आत आणि तुम्हाला दोन वर्षं पत्ता नाही. वाळवीचं औषध खड्ड्याभोवतीच्या मातीत जरूर मारा, डब्यावर लिहिलंय त्याच प्रमाणात, हातमोजे घालून.

तुम्ही चार खांब म्हणताय, मी सहा म्हणतो. अठरा फुटाची तुळई मधे आधार नसताना ठेवायची तर ती दहा इंच उंचीची लागेल, तेवढं सरळ लाकूड शोधण्यात आणि चार माणसांनी उचलण्यात तुमच्या दोन सुट्ट्या जातील. मधे एक खांब दिला की तीन बाय सहा इंचाची तुळई पुरते. फक्त तो मधला खांब बरोबर मधोमध टाकू नका! गाडी नेहमी लावता तशी लावा, चारी दरवाजे पूर्ण उघडा आणि दाराची टोकं जिथे येतात तिथे फरशीच्या तुकड्याने जमिनीवर खुणा करा. बहुतेक गाड्यांत नऊ फुटावरचा खांब ड्रायव्हरच्या दारासमोरच येतो. एक-दीड फूट पुढेमागे सरकवला तर तुळईला काही होत नाही आणि तुम्हाला रोज आडवं होऊन उतरावं लागत नाही. एका गिऱ्हाइकाने माझं न ऐकता नकाशाप्रमाणेच करायला लावलं, त्यांच्या गाडीच्या दाराला त्या खांबाचा रंग लागलेला मी अजून बघतो.

मापं अशी धरा. रुंदीत खांब ते खांब दहा फूट, लांबीत अठरा. पश्चिमेकडची बाजू साडेसात फूट, घराकडची साडेआठ, म्हणजे दहा फुटात एक फूट उतार, पत्र्याला भरपूर झाला. पश्चिमेला उतार देण्याचं कारण दुपारचं ऊन. मे महिन्यात बारा वाजता सूर्य आपल्या डोक्यावरच असतो, तेव्हा कसंही छप्पर चालतं, पण खरा भाजतो तो तीन ते सहाचा, आणि ती बाजू जितकी खाली तितकी सावली जास्त. घराच्या बाजूला खिडकीचा छज्जा आडवा येतो का ते आत्ताच मोजून घ्या. वरून महावितरणची सर्व्हिस वायर जात असेल तर आधी ती हलवून घ्या, ओल्या लाकडाची वीस फुटी तुळई उचलताना वर बघायला कोणाला वेळ नसतो.

घराच्या भिंतीलाच एक बाजू बोल्ट करून त्या बाजूचे खांब वाचवायचा विचार पण तुम्ही लिहिलाय. मी करणार नाही. घराचा पाया वेगळा, शेडचा वेगळा, काळ्या मातीत दोघं वेगवेगळे हलतात आणि मधल्या सांध्यातून पाणी भिंतीत उतरतं. कंपाउंडच्या भिंतीवर खांब टेकवणं तर अजिबात नको, ती भिंत स्वतःलाच जेमतेम उभी असते.

आता लाकूड. जुन्या वाड्यांचं पाडकाम झालेलं सागवान मिळालं तर डोळे झाकून नको, डोळे उघडे ठेवून घ्या. ते पूर्ण वाळलेलं असतं, आता आणखी वाकणार नाही, ही मोठी गोष्ट. पण प्रत्येक तुकड्यावरून लोहचुंबक फिरवा कारण आत जुने खिळे असतात, आणि खिळा असलेलं लाकूड सॉमिलवाला पात्याला लावू देत नाही. हातोडीच्या दांड्याने ठोकत जा, खणखणीत आवाज आला तर बरं, बदबद आला तर आत पोकळ. नवीन घेणार असाल तर साल चालतं, जड असतं, ड्रिल मारून मगच बोल्ट बसतो. बाभळीचा गाभा लोखंडासारखा, आपल्याकडे बैलगाड्या त्याच्याच व्हायच्या, पण वीस फूट सरळ बाभूळ मला दाखवा म्हणजे मीच विकत घेतो. छोट्या तिरप्या टेकूंना मात्र झकास. निलगिरी स्वस्त पडते पण आपल्या उन्हात पीळ पडतो. पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन शेडला नको, त्याचं स्टूल करा. आणि कुठलंही घेतलं तरी कडेचा पांढरा भाग जास्त असलेला तुकडा परत करा, वाळवी आधी तोच खाते, गाभ्याकडे नंतर वळते.

भाव रोज बदलतो म्हणून मी रक्कम सांगत नाही, माप सांगतो, तुम्ही दोन-तीन वखारींत विचारा. इंच गुणिले इंच गुणिले फूट, भागिले १४४, की घनफूट निघतं. चार बाय चारचे सहा खांब नऊ फुटी, सहा घनफूट. तीन बाय सहाच्या दोन तुळया वीस फुटी, पाच. दोन बाय सहाचे पाच वासे बारा फुटी, पाच. दोन बाय तीनच्या पाच पट्ट्या वीस फुटी, सव्वाचार. टेकूंना दोन. झाले बावीस-तेवीस घनफूट, कापताना वाया जाणारं धरून पंचवीस सांगा. वीस फूट सलग नाही मिळालं तर जोड बरोबर खांबाच्या डोक्यावर घ्या, मधे कुठेही नको.

नवीन लाकूड आणलं की लगेच कापायला बसू नका. सावलीत, खाली विटा, प्रत्येक थरामधे पट्ट्या ठेवून महिना दोन महिने रचून ठेवा, टोकांना रंग फासा. आपली हवा इतकी कोरडी की मार्च-एप्रिलमध्ये ओलं लाकूड टोकाकडून तडतड फाटतं, रात्री आवाज येतो. म्हणून चार सुट्ट्यांत होणार नाही हे मान्य करा. दिवाळीनंतर खड्डे आणि काँक्रीट, गोणपाट टाकून निदान सात दिवस पाणी मारा, मधल्या काळात लाकूड वाळू द्या, आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास उभारणी. मे महिन्यात भेगाळलेल्या मातीत किंवा सप्टेंबरच्या चिखलात खड्डे घेऊ नका.

उभारणीत वेळ कुठे जातो तर काटकोनात. एका कोपऱ्यातून एका बाजूला सहा फूट, दुसऱ्या बाजूला आठ फूट मोजा, दोन्ही टोकांमधलं अंतर दहा फूट आलंच पाहिजे. दोन सूत जरी चुकलं तरी शेवटचा पत्रा तिरका दिसतो. खांबांची उंची जमिनीपासून मोजू नका, जमीन कधी सपाट नसते, लेव्हल पाइपने पाणी लावून खुणा करा. खांब ओळंब्यात उभे करून तात्पुरत्या पट्ट्या ठोका, मग तुळई. तुळई खांबाच्या डोक्यावर नुसती ठेवायची नाही, खांबाला दीड इंच खाच घेऊन त्यात बसवा आणि चार सुती दोन बोल्ट आरपार, दोन्हीकडे मोठे वायसर. तुळईवर वासे लोखंडी पट्टीच्या क्लिपने, वाशांवर पट्ट्या पण तशाच, प्रत्येक सांध्याला. मेहुण्याची टाकी आठवा.

प्रत्येक खांबापासून तुळईकडे आणि वाशाकडे दोन-अडीच फुटाचे तिरपे टेकू द्या, पंचेचाळीस अंशात. हे लोक विसरतात. टेकू नसलेलं शेड ढिल्या टेबलासारखं डुलतं, पडत नाही पण दर वर्षी थोडं थोडं ढिलं होत जातं. टेकू लावून झाल्यावर खांबाला खांदा लावून ढकलून बघा, सगळं शेड एकदमच हललं पाहिजे, एकटा खांब नाही.

पत्रा कलर कोटेड, अर्धा मिमी, पांढरा किंवा फिकट. निळा-लाल दिसायला छान पण खाली उभं राहिलं की तव्याखाली उभं राहिल्यासारखं. बारा फुटी सहा पत्रे लागतील. स्क्रू लाकडासाठीचे घ्या, टोकाला ड्रिल असलेले लोखंडाच्या पाइपचे असतात, ते लाकडात नीट पकड घेत नाहीत. स्क्रू पत्र्याच्या उंच भागावर मारा, पट्टीत निदान दीड इंच गेला पाहिजे, आणि रबर फुगेपर्यंत आवळू नका. कडेच्या दोन रांगांत प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू, वारा कडेलाच पहिला उचलतो.

पन्हळ लावाच, कारण उतार कंपाउंडकडे आहे आणि शेजाऱ्याच्या अंगणात पाणी पडलं की पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे. आणि ५० मिमी पाऊस पडला तर या छपरावरून अकराशे लिटर पाणी येतं. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात हे गटारीत सोडणं मला तरी जमत नाही, एक टाकी ठेवा, गाडी धुवायला झालं.

परवानगीचं एका वाक्यात, ही पट्टी तुमच्या मंजूर नकाशात साइड मार्जिन (घराच्या बाजूला मोकळी सोडायची जागा) असणार, त्यात कायमचं छप्पर चालतं का हे ज्यांनी नकाशा केला त्या इंजिनियरला खड्डा खणायच्या आधी विचारा.

वडिलांचं म्हणाल तर ते चूक नाहीत. लोखंडाचं शेड फॅब्रिकेटर दोन दिवसात उभं करतो आणि वाळवीची कटकट नाही. तुमच्याकडे वर्षातून एक दिवस बोल्ट आवळायला आणि दोन-तीन वर्षांनी लाकडाला बाहेरच्या वापराचं तेल किंवा स्टेन मारायला वेळ नसेल तर त्यांचंच ऐका. पहिल्या उन्हाळ्यानंतर लाकूड आक्रसून बोल्ट नक्की ढिले होतात, हे आत्ताच सांगून ठेवतो. मधला मार्ग पण आहे, खांब लोखंडी चौकोनी पाइपचे आणि वरचा सांगाडा लाकडाचा. मी स्वतःच्या घरी तेच केलंय, आणि सुतार असून लोखंडी खांब लावले म्हणून बायको अजून टोमणे मारते.

सध्या लाकडाचा रुपया खर्च करू नका. येत्या रविवारी एका कोपऱ्यात एकच खड्डा घ्या, पहारीने, आणि किती फुटावर मुरूम लागला तेवढं मला कळवा. अडीच फुटाच्या आत लागला तर वरची सगळी मापं तशीच धरा, खाली गेला तर खड्ड्याचं माप परत काढून देतो.